बाळंतिणीची घडी : निवड, स्वच्छता आणि विश्रांती

मूल जन्मास आले की घरातील सर्वांचे लक्ष पाळण्याकडे वेधले जाते. मुलाचे वजन किती भरले, तोंडवळा कोणावर गेला, नाव काय ठेवावयाचे, बारशाला कोणाकोणास बोलवावयाचे, याची चर्चा ओटीवर रंगते. त्याच घरात, आतल्या खोलीत बाजेवर पडलेल्या मातेच्या शरीरात मात्र याच दिवसांत मोठी घडामोड चाललेली असते. तिच्या अंगावरून किती जाते, टाके ठणकतात काय, घडी बदलण्यास ती उठू शकते काय, हे प्रश्न सहसा कोणी मोठ्याने विचारीत नाही. विचारलेच तर कुजबुजत विचारले जातात आणि उत्तरही तसेच मिळते. या संकोचामुळे जी माहिती प्रत्येक घरात असावयास हवी ती पुष्कळदा नसते. बाळंतपण आज बहुतांशी इस्पितळात होते, परंतु बाळंतीण तेथे राहते ती दोन-चार दिवस; उरलेला सव्वा महिना ती घरीच असते. म्हणून घरातील माणसांना या गोष्टी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

स्राव कशामुळे होतो?

नऊ महिने गर्भाचे पोषण करणारी वार गर्भाशयाला आतून चिकटलेली असते. मूल जन्मल्यावर ती सुटून येते आणि तिच्या जागी सुमारे तळहाताएवढी जखम उरते. त्या वेळी गर्भाशयाचे वजन अंदाजे एक किलो असते. पुढील सहा आठवड्यांत ते आकुंचन पावत पूर्वीच्या आकारास येते आणि त्याचे वजन शंभर ग्रॅमच्याही आत उतरते. जखम भरत असताना रक्त, श्लेष्मा आणि गर्भाशयाचे जुने अस्तर यांचा स्राव बाहेर पडतो. यालाच सूतिकास्राव म्हणतात. शस्त्रक्रियेने बाळंतपण झालेल्या स्त्रीलाही हा स्राव होतोच. ‘पोट उघडून साफ केले, आता काही जाणार नाही’ ही समजूत चुकीची आहे.

पहिले तीन-चार दिवस स्राव लालभडक असतो व मासिक पाळीपेक्षा अधिक असतो. त्यानंतर दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत तो गुलाबी, मग तपकिरी होतो. पुढे पिवळसर-पांढरा होऊन चार ते सहा आठवड्यांत थांबतो. सकाळी अंथरुणावरून उठताना तो एकदम अधिक गेल्यासारखा वाटतो, कारण निजलेल्या स्थितीत साठलेले रक्त उभे राहताच खाली येते. मुलाला अंगावर पाजतानाही पोटात कळ येऊन स्राव वाढतो. ही कळ म्हणजे गर्भाशय आकुंचन पावत असल्याची खूण होय. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस ती अधिक जाणवते. यास भिण्याचे कारण नाही. उलट, स्तनपानामुळे गर्भाशय लवकर आवळते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो.

घडी निवडताना

पाळीच्या दिवसांत वापरावयाचे पातळ पॅड पहिल्या आठवड्यात पुरे पडत नाहीत. या दिवसांसाठी लांब, रुंद आणि जाड पॅड घ्यावे. बाजारात बाळंतपणासाठी निराळे पॅड मिळतात. ते न मिळाल्यास रात्री वापरावयाचे सर्वांत मोठ्या आकाराचे पॅड चालतात. निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, वरचा थर मऊ व सुती असावा. जाळीदार प्लॅस्टिकचा थर ओल्या टाक्यांवर घासतो व आग होते. दुसरी, सुगंधी पॅड घेऊ नये. सुवासासाठी घातलेल्या द्रव्यांनी नाजूक त्वचेला खाज सुटते, शिवाय स्रावाला दुर्गंधी येऊ लागली तर ती लक्षात येत नाही. आणि दुर्गंधी ही तर रोगाची पहिली सूचना असते. तिसरी, बाजूचे चिकटपट्टीचे पंख टाक्यांना किंवा केसांना ओढत असतील तर साधे, बिनपंखी पॅड व अंगाबरोबर बसणारी सुती चड्डी हीच जोडी बरी. पोटावर टाके असलेल्या बाळंतिणीने कमरेपर्यंत उंच येणारी चड्डी घ्यावी, म्हणजे नाडी वा इलॅस्टिक जखमेवर येत नाही. चौथी, पाकिटावर भारतीय मानक संस्थेची खूण व निर्मितीचा दिनांक पाहावा. सॅनिटरी नॅपकिनसाठीचे भारतीय मानक आय.एस. ५४०५ हे असून २०१९ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आली.

पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी पॅड बदलावे लागते. इस्पितळात जाताना मोठ्या पॅडची दोन-तीन पाकिटे पिशवीत असावीत. आयत्या वेळी नवऱ्याला औषधांच्या दुकानात धाडण्याची पाळी येऊ नये. पहिल्या आठवड्यानंतर स्राव कमी झाला की साधे पॅड पुरते. खर्चाची अडचण असलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावे की जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी नॅपकिनवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जन औषधी केंद्रांतील ‘सुविधा’ नॅपकिनची किंमत एक रुपयावर आणण्यात आली. हे नॅपकिन पुढच्या, कमी स्रावाच्या दिवसांत उपयोगी पडतात.

योनिमार्गात ठेवावयाची कापसाची गुंडाळी किंवा पाळीचा कप या सहा आठवड्यांत वापरू नये. आतली जखम ओली असते, आणि अशा वस्तूंबरोबर जंतू थेट तेथपर्यंत पोहोचतात. कापडाचा बोळाही आत सारू नये.

कापडाची घडी आणि कोकणचा पावसाळा

जुन्या सुती लुगड्याची किंवा धोतराची घडी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे आणि ती वाईट मुळीच नाही. मऊ झालेले सूत रक्त चांगले शोषते व त्वचेला बोचत नाही. दोष कापडाचा नसतो. ते धुण्यात व वाळविण्यात असतो. नायलॉन किंवा टेरिलीनच्या साडीची घडी मात्र करू नये. ती शोषून घेत नाही आणि घाम धरते. रंग जाणारे कापडही टाळावे. राख, भुसा, वाळू किंवा वर्तमानपत्राचा कागद घडीत कधीही घालू नये.

घड्या सातव्या-आठव्या महिन्यातच कापून, धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून ठेवाव्यात. पंधरा-वीस घड्या असल्या म्हणजे ओढाताण होत नाही. वापरलेली घडी प्रथम थंड पाण्यात खळबळावी, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण व गरम पाण्याने धुऊन, साबणाचा अंशही न ठेवता, कडक उन्हात दोरीवर उघडी वाळत घालावी.

‘उघडी’ या शब्दावरच खरी अडचण येते. पुष्कळ घरांत ही कापडे परसाच्या कोपऱ्यात, परकराखाली किंवा न्हाणीघरातील अंधाऱ्या दांडीवर वाळत घातली जातात, का, तर कोणाच्या दृष्टीस पडू नयेत. ऊन आणि वारा हे फुकटचे जंतुनाशक. त्यांनाच आपण दाराबाहेर ठेवतो. गोवा आणि कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर ऊन मुळातच दुर्मिळ. त्या दिवसांत झाकलेली घडी चार-चार दिवस दमट राहते, तिला कुबट वास येतो, बुरशी धरते, आणि तीच पुन्हा ओल्या जखमेवर ठेवली जाते. पावसाळ्यात दिवस भरणार असतील त्या घराने शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांपुरते तरी विकतचे पॅड घ्यावे. ते जमत नसेल तर घडी घट्ट पिळून चुलीच्या उबेला, धूर लागणार नाही अशा ठिकाणी वाळवावी व वापरण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवावी. हाताला गार किंवा ओलसर लागणारी घडी वापरू नये, हा साधा नियम.

केव्हा बदलावी, कशी बदलावी

पॅड भरले नसले तरी दर तीन-चार तासांनी बदलावे. लघवी-शौचास गेल्यावर दरवेळी बदलणे अधिक चांगले. बदलण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. आपण सगळे नंतर हात धुतो, आधी धुण्याचे विसरतो. वास्तविक आधीचे धुणे हे जखमेसाठी असते. नवे पॅड ठेवताना त्याच्या मधल्या भागास बोट लावू नये. धुताना व पुसताना हात नेहमी पुढून मागे न्यावा, म्हणजे गुदद्वाराकडील जंतू पुढे येत नाहीत.

हात धुण्याचे महत्त्व इतिहासानेच शिकविले आहे. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये सर्व डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. १८४६ मध्ये त्या विभागात शंभरामागे अकराहून अधिक बाळंतिणी तापाने दगावत होत्या. १८४८ मध्ये हे प्रमाण दीडच्याही खाली आले. त्या काळी जंतूंचा सिद्धान्त सिद्ध व्हावयाचा होता, तरी धुतलेल्या हातांनी आपला गुण दाखविला.

वापरलेले पॅड शौचकूपात, विहिरीजवळ, ओहोळात किंवा उघड्यावर टाकू नये. कागदात घट्ट गुंडाळून, वेगळे ठेवून कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावे. ते उचलणाराही माणूसच असतो याचे भान ठेवावे.

टाके, लघवी आणि शौच

खालच्या बाजूस टाके असतील तर पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाचा दहा-पंधरा मिनिटे शेक दिल्याने सूज उतरते. बर्फ थेट त्वचेला लावू नये. दुसऱ्या दिवसापासून स्वच्छ टबात कोमट पाणी घेऊन त्यात दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे बसावे व नंतर मऊ फडक्याने टिपून जागा कोरडी करावी, चोळू नये. लघवीच्या वेळी आग होत असल्यास तांब्याने कोमट पाणी वरून ओतत राहावे. जंतुनाशकाचे तीव्र द्रावण, हळदीचा लेप किंवा तेल टाक्यांवर स्वतःच्या मनाने लावू नये. बसताना एका कुशीवर भार द्यावा. कुशीवर निजून पाजणे अधिक सुखाचे होते. पोटावरील टाके असतील तर खोकताना, शिंकताना उशी पोटाशी धरावी व जखम कोरडी ठेवावी.

लघवी तुंबवून ठेवू नये. मूत्राशय भरलेले असले की गर्भाशयाला नीट आवळता येत नाही आणि रक्तस्राव वाढतो. जाणीव होवो वा न होवो, दर तीन-चार तासांनी लघवीस जावे. इस्पितळातून येताच बाळंतिणीला परसातल्या लांबच्या शौचालयात एकटीने जावे लागत असेल तर तिच्यासोबत कोणीतरी जावे. अशक्तपणामुळे पहिल्या दिवसांत भोवळ येण्याचा संभव असतो. शौचास कुंथावे लागू नये म्हणून भरपूर पाणी, पालेभाज्या, फळे व कोंड्यासह पिठाची भाकरी द्यावी. वेदना अधिक असल्यास डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. सोसणे हा काही बाळंतिणीचा धर्म नव्हे.

जुन्या चालीरीती : काय ठेवावे, काय टाकावे

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी सूतिकाकाल साधारणतः दीड महिन्याचा मानला आहे. आपल्या घरातील सव्वा महिन्याची चालही त्याच्या जवळपास येते, आणि गर्भाशय पूर्वस्थितीस येण्यास सहा आठवडे लागतात असे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते. कल्याण ही ज्यांची जन्मभूमी त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे पदवी घेताना प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच प्रबंध लिहिला होता. जुने ते सारे त्याज्य, असे मानण्याचे कारण नाही. ते पारखून घ्यावे, इतकेच.

माहेरची विश्रांती, अंगाला मालीश, कोमट पाण्याचे स्नान, डिंकाचे व अळिवाचे लाडू, पेज, खिमट, वरण-भात हे सर्व ठेवण्याजोगे आहे. पण बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवणे धोक्याचे आहे. त्या धुरातील विषारी वायूने आई व मूल दोघांचेही प्राण जाऊ शकतात. पाणी कमी देण्याची चालही सोडावयास हवी. पाणी कमी पडले की लघवीला जळजळ, मलावरोध आणि थकवा हे त्रास मागे लागतात. पोट करकचून बांधल्याने गर्भाशय लवकर आत जात नाही. सोयर म्हणून बाळंतिणीला दहा दिवस एकटीला कोपऱ्यात ठेवले, तर तिची विश्रांती होते हे खरे. पण ती एकटी असताना रक्त अधिक गेले तर कळावयाचे कोणाला? विश्रांती हवी, एकटेपण नको.

लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यावयाच्या असतात, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते. कॅल्शियमच्या गोळ्याही सहा महिने घ्याव्यात. मात्र दोन्ही एकाच वेळी नव्हे, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर नव्हेच. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांमागे ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. जिच्या अंगात रक्त मुळातच कमी, तिला थोडाही अधिक स्राव सोसत नाही.

घडी टाकण्यापूर्वी पाहावी

आरोग्यसेविका तिसऱ्या दिवशी घरी येते तेव्हा बहुधा असा संवाद होतो.

“काकी, सुनेच्या अंगावरून जास्त जाते का?”

“बाळंतिणीच्या अंगावरून जायचेच, ताई. त्यात नवे ते काय?”

“तसे नव्हे. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत घड्या किती बदलल्या?”

येथे काकी गप्प होतात, कारण कोणी मोजलेल्याच नसतात. ‘जास्त’ आणि ‘कमी’ हे शब्द प्रत्येकाचे निराळे असतात. मोजणी मात्र सर्वांना सारखीच कळते. म्हणून पहिले दहा दिवस घडी टाकण्यापूर्वी एकदा पाहावी, किती भरली, रंग कोणता, वास कसा हे ध्यानात घ्यावे आणि दिवसभराची संख्या लक्षात ठेवावी. आतून जेल भरलेले काही पॅड वरून कोरडे दिसतात. ते हातात घेऊन जड झाले आहे काय हे पाहावे.

बाळंतपणानंतर चोवीस तासांत अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाणे यास वैद्यक अतिरक्तस्राव म्हणते. अर्धा लिटर म्हणजे दुधाची एक पिशवी. अतिरक्तस्राव हे मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. धोका पहिल्या दिवशी सर्वाधिक, परंतु घरी आल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही वारेचा तुकडा आत राहिल्याने किंवा जंतुसंसर्गाने रक्त पुन्हा जाऊ लागते. पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा तडक इस्पितळ गाठावे :

एक मोठे पॅड तासाभरात किंवा त्याहून लवकर पूर्ण भिजणे, लिंबाएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडणे, फिकट झालेला स्राव पुन्हा लालभडक व भरपूर होणे, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, अंग गार व घामेजलेले होणे, १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप, थंडी, स्रावाला घाण वास, टाक्यांतून पू किंवा टाके उसवणे, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा झटके येणे, एका पोटरीत वेदना व सूज, धाप लागणे.

वाहन येईपर्यंत बाळंतिणीला आडवे निजवावे, उबदार पांघरूण घालावे, मूल अंगावर पाजण्यास द्यावे, लघवी करता आल्यास करवावी आणि भिजलेली पॅड एका पिशवीत घालून बरोबर न्यावीत. ती पाहून डॉक्टरांना रक्त किती गेले याचा अंदाज घेता येतो.

मनाचीही विचारपूस करावी. पहिल्या आठवड्यात रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळांना होते व ओसरते. दोन आठवड्यांनंतरही उदासपणा राहिला, किंवा स्वतःचे वा मुलाचे बरेवाईट करण्याचा विचार डोकावला, तर ते ‘नखरे’ समजू नयेत, डॉक्टरांना सांगावे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

कुटुंबाचे आणि गावाचे काम

सरकारी इस्पितळातील बाळंतपण, औषधे, भोजन आणि घरी परत पोहोचविणारे वाहन हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून विनामूल्य ठरविण्यात आले. इस्पितळातून लवकर घरी नेण्याची घाई करू नये. तिसऱ्या, सातव्या व बेचाळिसाव्या दिवशीची तपासणी चुकवू नये. शेवटच्या तपासणीत कुटुंबनियोजनाविषयीही विचारावे, कारण पाळी सुरू होण्यापूर्वीही दिवस राहू शकतात. स्राव थांबून जखम भरेपर्यंत पतिपत्नीसंबंध टाळावा.

ज्या घरी बाळंतिणीची उठबस करण्यास सासू किंवा आई नाही तेथे हे काम नवऱ्याचे आहे, आणि ते करण्यात कमीपणा नाही. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवणे, पॅड आणून देणे, मोजणी टिपून ठेवणे, रात्री मुलाला उचलून देणे, ही कामे बाहेरच्या बारशापेक्षा मोलाची आहेत. काजूच्या हंगामात किंवा लावणीच्या दिवसांत दहाव्या दिवशीच कामावर परतणाऱ्या मजूर स्त्रीला तिच्या मुकादमाने व शेजारणींनी सांभाळून घ्यावे. जड घागर व ओझे तिच्या डोक्यावर देऊ नये. शिक्षक-शिक्षिकांनी माता-पालक सभेत आणि अंगणवाडी सेविकांनी महिला मंडळात हा विषय उघडपणे घ्यावा. पंचायतींनी कचरा गोळा करताना वापरलेल्या पॅडची वेगळी सोय आहे की नाही हे पाहावे.

या सर्वांसाठी खर्च फारसा येत नाही. कोरडी घडी, धुतलेले हात, भरपूर पाणी आणि ‘आज किती घड्या लागल्या?’ हा एक प्रश्न, एवढीच सामग्री पुरे. तो प्रश्न घरात मोकळेपणाने विचारला गेला, तर पाळण्यातील मुलाइतकीच बाजेवरील आईही सुखरूप राहील.